वहीतला उजवा रकाना

१६ सप्टेंबर २०२२, शुक्रवार, संध्याकाळचे पावणेआठ. मी पोळ्या लाटत होते आणि नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मोबाईलवर फोन आला. कार्डाचे पैसे थकलेत, तुमचा मुलगा फोन उचलत नाही, कधी भरताय, असं कोणीतरी चढ्या आवाजात विचारत होतं. घरात क्रेडिट कार्ड आहे हेच नानांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, एक शब्द न बोलता देवघरापाशी जाऊन बसले, आणि रात्री फक्त ताकभात जेवले.

हे आधीच सांगून ठेवते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, घरच्यांना त्रास देणं तर मुळीच चालत नाही. मला ते फार उशिरा कळलं. असे फोन येत असतील तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.

आमचं कर्ज फिटायला सव्वादोन वर्षं लागली. त्या रात्री मला वाटलं होतं की असं फक्त आमच्याच घरात झालंय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात भाड्याने राहतो. नाना, आई म्हणजे सासूबाई, आम्ही दोघं आणि लेक. हे पीथमपूरच्या एका कारखान्यात आहेत, हातात ३६ हजार येतात. मी घरी शिकवण्या घेते, त्याचे पाचेक हजार. २०२१ च्या एप्रिलमध्ये नानांना कोरोना झाला, अकरा दिवस खासगी दवाखान्यात होते. नाना घरी आले, पण त्यासाठी पर्सनल लोन काढावं लागलं, मावसदिरांकडून पैसे घ्यावे लागले. नंतर ह्यांचा पगार काही महिने अर्धा येत होता, तेव्हा किराणा, औषधं, शाळेची फी, सगळं कार्डावर गेलं. चैन कसलीच नव्हती. म्हणूनच बहुधा कोणाला सांगायची जास्त लाज वाटत होती.

फोन आला त्याच रात्री लेक झोपल्यावर आम्ही दोघांनी कागद काढले. कार्ड १ लाख ४१ हजार. पर्सनल लोन २ लाख ८ हजार, हप्ता ७,३००. मावसदिरांचे ४५ हजार. किराण्याची उधारी ९,४००. बेरीज ४ लाख ३ हजार ४००. ह्यांनी बेरीज दोनदा केली. मला रडू आलं नाही, पोटात गोळा आला आणि तो बरेच दिवस तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू विरजण मागायला आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय होऊन राहिलंय तुला? डोळे बघ कसे झालेत." मी सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "आकडा सांग. थोडं कर्ज आहे, बरंच कर्ज आहे, असं नको. आकडा." मी आकडा सांगितला. त्यांनी हायहुय केलं नाही. "बरं," म्हणाल्या, "मी दर शनिवारी विचारीन, किती राहिले. मला खरं सांगायचं." एवढं बोलून विरजणाची वाटी घेऊन गेल्या.

काकू तेव्हा पंच्याहत्तरीच्या आसपास होत्या. काका इथल्या एका कापड मिलमध्ये होते. इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडल्या तेव्हा त्यांचीही पडली. हे मला माहीत होतं, पण त्या दिवसांत त्यांच्या घरात काय शिजत होतं ते मी कधी विचारलं नव्हतं.

पहिलं काम कार्डाचं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १ लाख ४१ हजारांवर जवळपास ४,९३५, त्यावर अठरा टक्के जीएसटी, ८८८. आम्ही महिन्याला कमीत कमी भरायची रक्कम, सातेक हजार, भरत होतो आणि त्यातून मुद्दल जेमतेम बाराशेने कमी होत होतं. हे गणित एकदा कागदावर मांडून बघाच. मी मांडलं आणि त्याच दिवशी ठरवलं की माझ्या पाटल्या आणि गोफ बँकेत ठेवायचा.

नवरात्रात पाटल्या हातात होत्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबरला बँकेत गेलो. आधार, पॅन, दोन फोटो आणि ज्याच्या नावावर खातं आहे तो माणूस, एवढं लागतं. बँकेने नेमलेला सराफ यायचा होता म्हणून दीड तास बसलो. तो आला, गोफ कसोटीच्या काळ्या दगडावर हलकेच घासला, त्या रेघेवर काचेच्या कांडीने थेंब सोडला आणि रेघ तशीच पिवळी राहिली. माझ्या आईने पै पै साठवून केलेला गोफ. तो खरा आहे हे मला माहीत होतं, तरी त्या क्षणी श्वास रोखला होता. निव्वळ वजन ४१ ग्रॅम भरलं. तेव्हाच्या नियमाने किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज मिळायचं, मिळत होतं त्याहून कमीच घेतलं, १ लाख ३० हजार, वर्षाला नऊ टक्क्यांनी. फी वगैरे धरून ८७० रुपये गेले. पाकीट आमच्यासमोर सीलबंद झालं, त्यावर माझी सही घेतली. पावतीवर प्रत्येक दागिन्याचं वजन वेगळं लिहिलेलं आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचा.

उरलेले ११ हजार आवर्ती ठेव मोडून घातले आणि ७ ऑक्टोबरला कार्डाचे सगळे पैसे भरले. वाटलं सुटलो. पुढच्या बिलात पुन्हा २,२९० रुपये! बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज. बिलावरचा आकडा भरू नका, आज बंद करायचं तर नेमके किती, असं विचारून तो आकडा लेखी घ्या. ते २,२९० भरून कार्ड बंद करायचा अर्ज ईमेलने पाठवला. बाकी शून्य असेल तर अर्जापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर त्यांनी दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा नियम आहे. मी अर्जात तो नियम लिहिला होता. सहाव्या दिवशी बंद झाल्याचं पत्र आलं. "एवढ्यावर मिटवून टाका" असं कोणी म्हणालं तर मात्र विचार करा, तसं केलं की क्रेडिट रिपोर्टमध्ये "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि तो पुढे फार नडतो.

आता स्वयंपाकघर. ऑगस्टची सगळी बिलं, यूपीआयच्या नोंदी जमवल्या तेव्हा कळलं की खाण्यापिण्यावर महिन्याला १३,४०० जात होते. बाहेरचं आणि घरी मागवलेलं २,९००, दूध अडीच हजार, शेव-फरसाण-बिस्किटं १,२००, भाजी २,७००, गॅस ११००, बाकी किराणा. डाळ-तांदळावर फार जात असेल असं मी धरून चालले होते. तिथे फारसं जातच नव्हतं.

मध्य प्रदेश सरकारची बायकांसाठीची लाडली बहना योजना पुढे आली तेव्हा मीही चौकशी केली. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, आम्ही बसत नव्हतो. विजेचा मात्र फायदा झाला. आमच्याकडे १५० युनिटांच्या आत राहिलं तर पहिल्या १०० युनिटांचं बिल १०० रुपयेच येतं. गीझर थंडीपुरता ठेवला, उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर आत राहिलो.

दर पंधरा दिवसांनी पहाटे चोइथराम मंडी, म्हणजे इथला घाऊक भाजीबाजार. एकटीला धडी, म्हणजे पाच किलो, घेऊन परवडत नाही, नासतं. म्हणून काकू, मी आणि मागच्या गल्लीतल्या एक वहिनी, अशा तिघींनी धडी वाटून घ्यायला सुरुवात केली. कडधान्यं, गूळ, मसाल्याचं सामान सियागंजमधून. थंडीत मटार स्वस्त झाले की सोलून ठेवायचे, सालांची आतली पातळ चिवट पापुद्रं काढून भाजी करायची, ती वेळखाऊ आहे पण नानांना फार आवडते. दुधीच्या सालींची चटणी, फ्लॉवरच्या दांड्यांची रस्सा भाजी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी. तूरडाळ महागली तेव्हा आठवड्यातून दोनदाच तुरीचं वरण, एरवी मसूर, सालाची मूग, नाहीतर कढी. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीच्या पुढे गेले तेव्हा दीड महिना घरात टोमॅटो आणला नाही. चिंच, आमसूल आणि आमचूर आमच्या आज्यांना पुरत होतंच की.

आई-नानांचं दूध आणि फळ कमी करायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. काटकसर म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या ताटातलं काढू नये, हे माझं ठाम मत आहे.

गॅससाठी एक साधी गोष्ट केली. कुकरच्या तीन डब्यांत खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे किंवा लाल भोपळा, एकाच वेळी. कडधान्य रात्री भिजवल्याशिवाय कुकरला लावायचं नाही. सिलिंडर ३४ दिवस जायचा तो ४७ दिवस जाऊ लागला. तारीख सिलिंडरवर खडूने लिहा.

शेव. इंदूरच्या माणसाला शेव सोडा म्हणणं कठीण. लेक तेव्हा सहावीत होती. पोह्यांवर शेव नाही हे बघून तिने काही न बोलता ताटली थोडी लांब सरकवली. मी त्या आठवड्यापासून पाव किलो शेवेची बरणी तिच्या ताब्यात दिली, आठवडा पुरवायची तिने. ती चमच्याने मोजून वाढायची, नानांना एक चमचा जास्त. जिरावण, म्हणजे पोह्यांवर टाकायचा इंदुरी मसाला, मात्र घरी करू लागले. धने, जिरं, बडीशेप, लवंग, तमालपत्र, लाल मिरची वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला भाजायला वेगळा वेळ लागतो. गार झाल्यावर सुंठ, हळद, हिंग, आमचूर, काळं मीठ घालून दळायचं. भाजताना जिन्यापर्यंत वास जायचा. साध्या फोडणीच्या पोळीवर चिमूटभर टाकलं की लेक विचारायची, आज काय स्पेशल?

अशा रीतीने खर्च ८,३५० च्या आसपास आला. कार्डाचे वाचलेले सात हजार आणि हे पाच, त्यातून दागिन्यांवरच्या कर्जाचं व्याज बाजूला ठेवून महिन्याला ११ हजार कर्जात टाकायला मिळू लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये किराण्याची उधारी संपली. शेठजींनी त्यांच्या लाल वहीतल्या आमच्या पानावर तिरपी रेघ मारली आणि म्हणाले, "भाभीजी, आपने तो कहा था तीन महीने लगेंगे." घरी येईपर्यंत मला ते वाक्य पुरलं. मार्च २०२३ पर्यंत मावसदिरांचे ४५ हजार दिले. त्यांनी व्याज घेतलं नाही आणि एकदाही मागितले नाहीत, हे इथे लिहायलाच हवं.

मग जुलै आला. फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला, ६,८००. शाळेची फी एकदम १४ हजार. दोन महिने कर्जात एक रुपया गेला नाही. त्याच सुमारास एका लग्नात कोणीतरी माझ्या आहेराच्या पाकिटावरून बोललं. मी खर्चाची वही लिहायचं सोडलं. अठरा दिवस एक अक्षर लिहिलं नाही. दोन शनिवार काकूंनी विचारलं, "किती राहिले?" आणि मी म्हटलं, "तेवढेच." तिसऱ्या शनिवारी त्या विचारायच्या आतच मी दार लावून घेतलं.

संध्याकाळी त्या आल्या त्या हातात भुट्ट्याच्या किसाची वाटी घेऊन, वर खोबरं-कोथिंबीर, आणि काखेत एक जुनी वही. जाड पुठ्ठ्याची, कडा कुरतडलेल्या. म्हणाल्या, "मिल बंद झाल्यानंतरची आहे. वाच." मला वाटलं पैशांचे हिशेब असतील. डावीकडे होतेच, पाच रुपये, अडीच रुपये, रॉकेल, पीठगिरणी. उजवीकडे मात्र रोज काय शिजवलं ते लिहिलेलं. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याचा पाला. पातळ पिठलं, मुलांनी वाटी चाटली. एका दिवशी: "कण्यांची खीर. ह्यांचा वाढदिवस. हे हसले."

काकू म्हणाल्या, "डावीकडचं वाचलं की मला धडधडायचं. मग उजवीकडचं वाचायचे. आपण आज जेवलो, नीट जेवलो, हे दिसायचं."

मी त्यांच्यासमोरच माझी वही काढली, पानाच्या मधोमध उभी रेघ मारली आणि उजवीकडे लिहिलं: भुट्ट्याचा कीस, काकूंकडून. लेकीने दोनदा घेतला.

त्यानंतर उजवा रकाना एक दिवसही चुकला नाही. वरणफळं, नानांनी तिसऱ्यांदा मागितली. उकडपेंडी, ह्यांनी डब्यात नेली, डबा रिकामा आला. दोडक्याच्या शिरांची चटणी, जमली नाही, कडू. कर्जाचा आकडा महिन्यातून एकदा हलायचा, तोही कधी कधी नाही. हा रकाना रोज भरायचा. थकून गेले की मी मागची पंधरा दिवसांची उजवी बाजू वाचायचे. तुम्ही खर्चाची वही ठेवत असाल तर एवढं नक्की करून बघा, काय शिजवलं आणि कोणाला आवडलं ते लिहा. ॲपमध्ये हे होत नाही, मी दोन ॲप वापरून सोडली.

ऑक्टोबर २०२३ ला सोनेतारणाचं वर्ष भरलं. साचलेलं व्याज चुकतं करून बाकी ८६ हजारांवर आणली आणि नूतनीकरण केलं. पुन्हा सराफ, पुन्हा वजन, पुन्हा दीड तास. तारीख विसरू नका, मुदत उलटली की लिलावाची नोटीस निघू शकते.

त्या वर्षी नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर २०२३ ला, हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी दिल्याचा कार्यक्रम टीव्हीवर होता. ती मिल तीसेक वर्षांपासून बंद. काकांची मिल ती नव्हे, काकूंना त्यातून काहीच मिळणार नव्हतं. तरी त्या सकाळपासून टीव्हीसमोर बसल्या होत्या. ओळखीचे कोणी दिसतात का बघत होत्या. संध्याकाळी माझ्या घरी येऊन सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. "मिळाले गं त्यांना," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशीच्या उजव्या रकान्यात फक्त "गूळ" लिहिलंय.

जानेवारी २०२४ च्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी जिरावणाच्या पुड्या दिल्या. स्टीलची वाटी देणं परवडत नव्हतं. दोघीतिघींनी पुढे विकत मागितलं, मग महिन्याला थोडंफार करू लागले, त्यातून गॅसचे पैसे निघतात.

८ मे २०२४, अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी, पाटल्या आणि गोफ घरी आला. सील आमच्यासमोर फोडलं, पावतीशी वजन जुळवलं. आईंनी गोफ माझ्या गळ्यात घातला आणि लगेच म्हणाल्या, "आता काढून ठेव, भांडी घासायचीत." आम्ही दोघी खूप हसलो.

राहिलं पर्सनल लोन, १ लाख ८ हजार. हप्ता चालू ठेवून उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकत गेलो. डिसेंबर २०२४ चा हप्ता गेल्यावर बाकी ६४,६५० होती. मुदतीआधी बंद करायला चार टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३,०५० रुपये. तसंच चालू ठेवलं असतं तर पुढचं व्याज चारेक हजार. फायदा फक्त नऊशे-हजारांचा. तुमचे पैसे दुसरीकडे हवे असतील तर एवढ्यासाठी घाई करू नका. आम्हाला संपवायचं होतं. १६ डिसेंबर, सोमवारी शाखेत जाऊन लेखी आकडा घेतला, भरले, पोच घेतली. ना-हरकत पत्र बावीस दिवसांनी आलं. मधे एक घोळ झाला, कर्ज बंद होऊनही ५ जानेवारीला खात्यातून ७,३०० कापले गेले. कर्ज बंद करताना खात्यावरचं हप्ता कापण्याचं मॅन्डेट रद्द करायचा वेगळा अर्ज द्या, आम्ही दिला नव्हता. पुढे फेब्रुवारीत क्रेडिट रिपोर्ट काढला, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कार्ड आणि कर्ज, दोन्हीपुढे "क्लोज्ड" होतं.

काकू नोव्हेंबरातच मुलाकडे पुण्याला गेल्या, गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. तरी शनिवारचा फोन चुकला नाही. २१ डिसेंबरला त्यांनी विचारलं, "किती राहिले?" मी म्हटलं, "काही नाही, काकू." पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाल्या, "आणि आज काय केलंस?"

मसुराची आमटी, भात, गाजराची कोशिंबीर, मी सांगितलं.

चुकून कापलेले ७,३०० संक्रांतीच्या आदल्या दिवशी परत आले. लेकीला घेऊन सियागंजला गेले, तीळ आणि चिकीचा गूळ आणला. रात्री लाडू वळले, नाना तूप लावलेल्या हाताने बसून वळत होते. अर्धा किलोचा डबा बांधून काकूंना स्पीड पोस्टाने पाठवला. डाव्या रकान्यात तीळ, गूळ आणि टपालखर्च लिहिला. उजवा लेकीने भरला: तिळाचे लाडू, ५२ झाले, पुण्याला २०.